पदरचं एक वाक्य

नागपुरात सक्करदऱ्याच्या समाजभवनात वधू-वर परिचय मेळावा असला की माइक सिंधूताईंच्या हातात. हे कधी आणि कोणी ठरवलं, ते आता कुणालाच आठवत नाही. मंडळाचे अध्यक्ष बदलले, भवनाला फरशी बसली, पंखे नवे आले, सिंधूताई मात्र माइकजवळच्या त्याच खुर्चीवर. आवाज स्वच्छ, आणि डोकं असं की एकदा ऐकलेलं गाव आणि मामेकूळ त्यातून पुसलं जात नाही. पोरगी स्टेजवर येते, साडीचा काठ चुरगाळत नाव, शिक्षण, उंची सांगते आणि गप्प होते. मग सिंधूताई पदरचं एक वाक्य घालतात. "हिच्या आजीच्या हातचे सरगुंडे ज्यांनी खाल्ले त्यांनी हात वर करा बरं!" हॉलमध्ये हशा पिकतो, चार हात वर होतात, पोरीचा चेहरा मोकळा होतो. लग्नं जुळतात ती सिंधूताईंच्या त्या वाक्यावर, असं लोक म्हणत. खोटं कशाला बोला, सिंधूताईंनाही ते मनातून पटलेलं होतं.

यंदाच्या मेळाव्यात वैदेही होती.

वैदेही म्हणजे त्यांच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करायची. लग्न झालं ते अंकितशी. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि हात उचलायला क्षणाचा उशीर नाही. वैदेही वेगळी झाली, कोर्टानं मोकळं केलं, तरी तो रोज दवाखान्याच्या फाटकासमोर उभा राहायचा. एकदा पार्किंगमध्ये त्यानं तिचं मनगट पिरगाळून मोडलं. तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि ती कन्हानला मामाकडे, म्हणजे सिंधूताईंच्या भावाकडे, रुपरावांकडे राहायला गेली; अंकितनं ते घर कधी पाहिलं नव्हतं, गावही त्याला ठाऊक नव्हतं. पुढे अंकित मस्कतला कामाला निघून गेला. पण तिथून नातेवाइकांना फोन करायचा थांबला नाही. आवाज नेहमी अदबीचा. "काकू, नमस्कार. तब्येत बरी ना? वैदेही कुठं असते, फक्त एवढं सांगा." कुणी सांगितलं नाही. म्हणून तर पोरगी पुन्हा हसायला लागली होती.

मेळाव्याला तिला सिंधूताईंनीच राजी केलं. "आपलेच लोक असतात वं. चार भिंतींच्या आत. कोण खाते तुले?"

वैदेही एवढंच म्हणाली होती, "येते मावशी. पण गावाचं नाव नको."

"नाही घेत, बाप्पा."

आणि स्टेजवर ती आली तेव्हा तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, दुसरेपणाचं आहे हेही मान वर करून सांगितलं. राहते कुठे, ते सांगितलं नाही. हॉल शांत झाला. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पोरगी काही लपवते आहे, असा अर्थ त्या पाहण्यात होता, आणि सिंधूताईंना तो लागला. इतक्या वर्षांची सवय. माइक तोंडाजवळ होताच.

"ही आमची वैदेही! कन्हानचा पूल उतरला की डाव्या हाताले पिठाची चक्की, चक्कीच्या मागं रुपराव मामाचं घर. येता-जाता चहा घ्यायले या!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. वैदेहीची मान खांद्यांत गेल्यासारखी झाली, एवढं सिंधूताईंनी पाहिलं, आणि त्यांच्या हातातला माइक एकदम जड झाला. तिकडे कोपऱ्यात तीन पायांवर कॅमेरा उभा होता. दरवर्षी असतो. पण यंदा मंडळानं परदेशातल्या मुलांसाठी मेळावा इंटरनेटवर थेट दाखवला होता, हे त्यांना चहाच्या वेळी कळलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी अध्यक्षांना फोन करून तो व्हिडिओ काढायला लावला. अध्यक्षांनी लगेच काढलाही. सिंधूताईंना वाटलं, चला, सुटलं.

सुटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात वैदेहीचा फोन आला. दवाखान्यात पूर्वी तिच्यासोबत काम करणाऱ्या मुलीनं तिला मोबाइलवर काही पाठवलं होतं. कुठल्याशा परदेशी साइटनं आपल्याकडच्या मेळाव्यांचे व्हिडिओ उचलून, एकेका मुलीचा तुकडा वेगळा करून लावला होता. बघायला पैसे नाहीत, जाहिराती मात्र भरपूर. वैदेहीच्या तुकड्याखाली मशीननं सिंधूताईंचं वाक्य ऐकून नकाशा जोडला होता. नकाशात नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या डाव्या हाताला लाल टिंब.

"मावशी," वैदेही म्हणाली, "माझ्या तोंडाखाली घराचं टिंब आहे." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सिंधूताई आणि मनोहरराव पोलिसांच्या सायबर कार्यालयात गेले. मनोहरराव त्यांचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झालेले. टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत," ती म्हणाली. "एक, हे पान आपल्या देशात दिसू न देणं. ते वरून आदेश आला की होतं. दुसरी, ते पान मुळातूनच काढून टाकणं. ते ज्यांनी लावलं त्यांच्या हातात. कंपनी एका देशात नोंदलेली आहे, मशीन दुसऱ्या देशात ठेवलं आहे, मालक तिसरीकडे राहतो. आपलं पत्र तिथे पोचतं, पण आपला कायदा पोचत नाही."

"मग त्यांच्या वरचा कोणी?" सिंधूताईंनी विचारलं. "सगळ्या देशांच्या वरचा?"

अधिकारी बाईनं मान हलवली. "तेच तर नाही ना, ताई."

घरी आल्यावर हे केशवरावांच्या कानावर गेलंच. केशवराव शेजारी राहतात, लॉ कॉलेजात शिकवायचे. घरासमोर तलावाकाठच्या बाकावर त्यांचा आणि मनोहररावांचा संध्याकाळचा वाद म्हणजे आळीची करमणूक. इंटरनेट कुणाच्या ताब्यात असावं, यावरही त्यांचं आधी भांडून झालेलं होतं, सिंधूताई पुऱ्या तळता तळता खिडकीतून ऐकायच्या आणि हसायच्या. आता मात्र त्या तेच शब्द कान देऊन ऐकत होत्या.

"साधी गोष्ट आहे गा केशव," मनोहरराव सांगत होते. "आपल्या एरियाचं स्विच आपल्या सबस्टेशनात पाहिजे. आपल्या पोरीबाळींचं काय दिसावं, हे परदेशातला कोणी शेठ ठरवणार? आपलं सरकार ठरवीन!"

"आणि ते स्विच हाती आल्यावर उद्या कोणाच्या घरची लाइट जाईन, हे कोण ठरवीन? तुम्ही बिल जास्त आलं म्हणून लिहिलं, तर तुमचीच पहिले!"

"माझी कायले जाईन? मी मंडळाचा माणूस."

"होता. आता फक्त ग्राहक आहे." केशवरावांनी चष्मा पुसला. "विमानाचे नियम सगळ्या जगानं बसून केले की नाही? टपालाचे केले की नाही? मग याचंही जगाचं एक मंडळ पाहिजे. एका ठिकाणी तक्रार केली, सगळीकडून निघालं."

"हो, अन् त्या मंडळात खुर्च्या कोणाच्या? मोठ्या देशांच्या. तिथं कन्हानच्या पोरीची फाइल कोण उघडून पाहते? आपल्या ठाण्यात निदान त्या बाईनं पाणी तरी विचारलं."

दोघंही बरोबर बोलत होते, हेच सिंधूताईंना जास्त भीतीचं वाटलं. दोघांतला एक चुकीचा असता, तर दुसऱ्याच्या मागे जाता आलं असतं.

पान दिसू न देण्याचा आदेश आला. एका सकाळी मनोहररावांनी मोबाइल उघडून पाहिला, पान गायब. केशवरावांच्या मोबाइलवर गायब. रुपरावांनी कन्हानहून सांगितलं, इथंही दिसत नाही. मनोहरराव बाकावर जाऊन केशवरावांच्या पाठीवर थाप मारून आले. "पाहिलं? स्विच!" सिंधूताईंनी कित्येक दिवसांनी सांबारवड्या केल्या, डबा भरून कन्हानला पाठवला. वैदेहीनं फोनवर विचारलं, "संपलं ना मावशी?" आणि सिंधूताई म्हणाल्या, "संपलं वं, राणी."

संध्याकाळी मयुराचा लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल आला. मयुरा त्यांची मुलगी, जर्मनीत असते. आईनं आनंदानं सगळं सांगितलं. मयुरा ऐकत होती, आणि बोलता बोलता तिची बोटं मोबाइलवर चाललेली सिंधूताईंना व्हिडिओत दिसत होती. मग तिची बोटं थांबली.

"आई, इथं उघडते आहे."

"काय उघडते?"

"तेच पान. वैदेहीताईचं. सगळं जसंच्या तसं. नकाशा पण."

सिंधूताईंना आधी समजेना. इथे गेलं म्हणजे गेलं ना? मग हळूहळू उलगडत गेलं. आपण आपल्या खिडकीला पडदा लावला होता. रस्त्यावर उभा असलेला माणूस रस्त्यावरच होता, आता फक्त आपल्याला दिसत नव्हता. आणि मस्कत पडद्याच्या त्या बाजूला होतं.

"अजून एक आहे," मयुरा म्हणाली. तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "खाली लोक काहीबाही लिहितात ना, तिथं एकानं मराठीत लिहिलं आहे. कालचं आहे. वाचू?"

"वाच."

"'नमस्कार मामा. चहा घ्यायला येतो आहे. तयार ठेवा.'"

खोलीत टीव्ही चालू होता. मनोहररावांनी तो बंद केला. अदबीचा तो नमस्कार दोघांनीही ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सायबर कार्यालयात उभ्या होत्या. अधिकारी बाईनं लगेच पान उघडायला घेतलं, आणि तिच्या पडद्यावर सरकारी सूचना आली की हे पान या देशात पाहता येत नाही. ती सूचना तिच्याच अर्जावरून आलेली होती. शेवटी मयुरानं जर्मनीतून काढून पाठवलेल्या फोटोवरून नागपुरातली तक्रार लिहिली गेली.

"नाव खोटं आहे, खातं तिकडचं आहे," बाई म्हणाली. "तोच आहे हे मला पटतं. पण पटणं आणि सिद्ध करणं… मी कन्हान ठाण्याला कळवते. कंपनीला पुन्हा पत्र पाठवते. तो दिसला तर त्याच क्षणी हा नंबर लावा. माझा स्वतःचा आहे."

"अन् तो आला आहे की तिथंच आहे?"

"ते मला आज सांगता येत नाही, ताई."

घरी परतल्यावर बाकावर आवाज चढले होते. "मी म्हणतच होतो, नुसतं झाकून काय होते!" असं केशवराव, आणि "तुमच्या जगाच्या मंडळानं तरी काय केलं असतं, दहा वर्षांनी सभा!" असं मनोहरराव. सिंधूताई चप्पल न काढताच तिथे गेल्या.

"तुमची सभा होईस्तोवर तो चक्कीपर्यंत पोचून जाईन," त्या म्हणाल्या. आवाज माइकवरचाच होता. "देशाचं असू द्या, जगाचं असू द्या, माह्या वैदेहीच्या दारात कोण उभं राहते, तेवढं बोला."

केशवरावांनी चष्मा काढून हातात धरला. "वहिनी, ते… ते कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही."

सिंधूताईंनी पिशवी भरली आणि त्या कन्हानला गेल्या.

वैदेहीनं दार साखळी लावून किलकिलं उघडलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. रुपरावांनी मागच्या दाराला आडवी पट्टी ठोकली होती. जेवताना रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात, घराच्या काचा थरथरत, आणि प्रत्येक वेळी वैदेहीचा घास हातात राहत होता.

"उमरेडला नाहीतर भंडाऱ्याला खोली पाहू का?" रुपरावांनी विचारलं.

"तिथंही शोधीन," वैदेही म्हणाली. "किती गावं बदलू, मामा? अन् मी गेली अन् तो इथं आला, तर तुम्ही एकटे." मग मावशीकडे न पाहता म्हणाली, "मी कुठंच नाही जात."

सिंधूताई ताटावरून उठल्या. ज्या तोंडानं पत्ता गावभर केला होता, ते तोंड त्यांच्यापाशी अजून होतं. त्या आधी चक्कीत गेल्या.

चक्की शोभाताई चालवायच्या. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, आवाज चक्कीवर मात करणारा. आपल्याकडे कुणी घर विचारलं तर आपण नुसतं बोट दाखवत नाही, हातातलं काम टाकून दारापर्यंत पोचवून देतो, पाहुण्याची पिशवीही उचलतो. शोभाताई तर त्यात पहिल्या नंबरच्या. सिंधूताईंनी त्यांना सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यही सांगितलं.

"म्हणजे कोणी रुपरावचं घर विचारलं," शोभाताई म्हणाल्या, "तर मी म्हणायचं, नाही माहीत? तीस वर्षांचा शेजार हाये वं बाई! माह्या तोंडातून निघन का ते?"

"काढावं लागते, शोभाताई."

"लोक म्हणतील, चक्कीवाली येडी झाली."

"म्हणू द्या. मले तर काय काय म्हणून राहिले."

शोभाताईंनी पट्टा थांबवला. चक्की बंद पडली, आणि गल्लीत एकदम इतकं शांत झालं की समोरच्या घरातून विचारणा झाली, काय झालं म्हणून. मग सिंधूताई त्या समोरच्या घरात गेल्या. तिथून पुढच्या. सगळ्या गल्लीत, दारादारांत उभ्या राहून त्यांनी एकच गोष्ट सांगितली. पत्ता विचारला तर सांगायचं नाही. रुपराव? कोण रुपराव? आणि लगेच फोन करायचा. म्हातारे लोक अवघडले. एका आजोबांनी विचारलं, "पाहुण्याले दारातून खोटं बोलून परत पाठवायचं? पाप नाही लागत?" सिंधूताई म्हणाल्या, "लागलं तर माह्या नावावर लावा, बाबा." अंकितचा फोटो त्यांनी प्रत्येक घरात दाखवला. दाखवताना दर वेळी फोटोतलं ते गोड हसू बघावं लागे.

सिंधूताई कन्हानलाच थांबल्या. रोज सकाळी मयुराचा निरोप यायचा. 'अजून आहे.' वैदेही त्याची वाट बघायची, आणि आल्यावर मोबाइल पालथा ठेवून कामाला लागायची.

एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. माजघरातून तिघांनाही ऐकू आलं. एक पुरुषी आवाज, "रुपराव मामांचं घर हेच का हो?" वैदेहीचा हात सिंधूताईंच्या मनगटावर पडला तो असा की बांगडी मांसात रुतली. मग शोभाताई. "कोण रुपराव? नाही बाप्पा, असं कोणी नाही इथं." पुढच्या दारातून, "नाही माहीत." त्याच्या पुढच्या दारातून आजोबा, अडखळत, "कोणी… नाही." गाडी थोडा वेळ तशीच घरघरत राहिली आणि मागे वळून निघून गेली.

पाऊण तासानं मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. "सिंधूताई, काय हे? तुमसरचे पाहुणे मुलगी पाहाले आले होते. मुलगा शिक्षक आहे, तो बी दुसरेपणाचा. तुम्हीच म्हटलं नं चहाले या म्हणून? तिथं म्हणे कोणी ओळखतच नाही! पार नाराज होऊन परत गेले."

सिंधूताईंनी फोन ठेवला. वैदेहीनं सगळं ऐकलं होतं. तिचे ओठ हलले, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ती हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जमलं वं मावशी," ती म्हणाली. "सगळ्यांनी बरोबर सांगितलं. आजोबांनी बी."

त्या पाहुण्यांना बोलावून माफी मागावी, असं सिंधूताईंना फार वाटलं. पण बोलावणार कुठे? घर तर नाहीच म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या सकाळी मयुराचा निरोप वेगळा होता. 'आज उघडत नाही.' सिंधूताईंनी लगेच फोन लावला.

"म्हणजे काढलं? की तिथंही नुसता पडदा लावला?"

"ते इथून कळत नाही, आई. काही नाही एवढंच दिसते."

"मग कोणाले कळते?"

सिंधूताईंनी अधिकारी बाईलाही विचारलं. कंपनीकडून काही उत्तर आलेलं नाही, ती म्हणाली, काढलं असेलही. असेलही! मनोहरराव सक्करदऱ्याहून फोनवर म्हणाले की जर्मनीच्या सरकारनंही स्विच दाबलं असणार, केशवराव मागून म्हणाले की मग सगळ्या देशांनी एकेक करून दाबेपर्यंत बसा. पण हे म्हणताना दोघांच्याही आवाजात वादाचा जोर नव्हता.

"मयुरा," सिंधूताई म्हणाल्या, "मस्कतमध्ये आपल्या ओळखीचं कोणी आहे का गं? जे उघडून पाहीन?"

"शोधते, आई."

सिंधूताईंनी फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. वैदेही कप मांडत होती, रुपराव अंथरूण आवरत होते. चहाला उकळी फुटत आली होती. बाहेर चक्कीचा पट्टा अचानक थांबला. शोभाताई तो उगाच थांबवत नाहीत, हे आता घरात तिघांनाही माहीत होतं.

मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, गल्लीच्या शेवटच्या घराला ऐकू जाईल असा.

"कोण रुपराव? इथं कोणी रुपराव नाही!"

रुपरावांनी अधिकारी बाईचा नंबर लावला. वैदेही भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सिंधूताईंनी हात पुढे करून, आवाज होऊ न देता, चहाखालचा गॅस बंद केला.